टाइप १ मधुमेह: धाकट्या भावाची अँटीबॉडी तपासणी आणि टेप्लिझुमॅब, माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या ११ वर्षांच्या मुलीला यंदा टाइप १ निघाला. कळलं ते थेट आयसीयूत, डीकेए (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतणारी अवस्था) झाल्यावर. आता इन्सुलिन, सीजीएम (शुगर सतत मोजणारा सेन्सर), कार्ब मोजणं सगळं अंगवळणी पडतंय, पोरगी छान सावरली आहे. प्रश्न तिच्या ८ वर्षांच्या भावाचा आहे.

सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता साधारण ५ टक्के असते. शुगर वाढण्याच्या कितीतरी आधी रक्तात अँटीबॉडी (शरीराने स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्ध तयार केलेली प्रथिनं) सापडतात. दोन किंवा जास्त अँटीबॉडी आहेत आणि शुगर जराशीच बिघडली आहे, अशा टप्प्यावर टेप्लिझुमॅब हे आजार लांबवणारं औषध देतात, १४ दिवस रोज शिरेतून. अमेरिकेत २०२२ मध्ये ८ वर्षं आणि पुढच्या वयासाठी त्याला मंजुरी मिळाली. ७६ जणांवरच्या चाचणीत आजार सुमारे दोन वर्षं लांबला होता. ज्यांच्या घरी मध्यरात्री हायपोचा (शुगर फार खाली गेल्याचा) अलार्म वाजतो, त्यांना विचारा दोन वर्षांचं मोल.

नवऱ्याचं म्हणणं, औषध हाताशी नसताना तपासणी कशाला, उगाच टांगती तलवार. मला मात्र वाटतं, आधी कळलं तर निदान डीकेएपर्यंत तरी वेळ येणार नाही. तुम्ही काय केलंत? जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर या तिन्ही अँटीबॉडी पुण्या-मुंबईत एकाच ठिकाणी कुठे तपासतात, खर्च किती येतो? आणि भारतात कुणाच्या मुलाला टेप्लिझुमॅब मिळालंय का?

एक विनंती. स्टेम सेल क्लिनिकचे नंबर नकोत, नातेवाइकांकडून पुष्कळ आलेत. झिमिसलेसेलची (स्टेम सेलपासून बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या उपचाराची) बातमी मीही वाचली आहे: पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं. आनंदच आहे. पण ती सगळी प्रौढ माणसं, हायपोने जिवावर बेतलेली, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना चालूच ठेवावी लागतात. लेकीला त्या वाटेने आत्ता न्यायची माझी तयारी नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणे मधुमेहासाठी स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. पैसे घेऊन ‘उपचार’ म्हणून नाही. अशी खरी चाचणी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) कुणाला दिसली असेल तर तिचा नोंदणी क्रमांक जरूर द्या.

मुलाला पुढच्या महिन्यात सुट्टी आहे, तेव्हाच रक्त द्यायला न्यायचा विचार आहे. इथे लिहायला संकोच वाटत असेल तर व्यनि करा.