कार्ताहेनाला (कोलंबिया) आईबाबांना घेऊन जायचंय, तटबंदी आणि किल्ला नीट कसा बघावा?

मुक्ता

नमस्कार मंडळी. आईबाबा सध्या आमच्याकडे ह्यूस्टनला आलेत, डिसेंबरच्या शेवटी परत जातील, त्याआधी लाँग वीकेंडला कार्ताहेनाला जायचं जवळजवळ ठरलंय. बाबांचं लहानपण वसईत गेलं, किल्ल्याच्या तटावर खेळतच मोठे झालेत म्हणा ना, त्यामुळे कुठेही जुनी तटबंदी दिसली की त्यांचा पाय निघत नाही. आईला किल्ल्यांचं तेवढं नाही, पण जुन्या गल्ल्या, बाजार, देवळं-चर्च यात ती मस्त रमते.

यूट्यूबवर बरेच व्हिडिओ बघितले, पण सगळीकडे तेच, रंगीत भिंतीसमोर फोटो, रूफटॉप बार आणि बीच. स्पेनने इतका खर्च करून हे समुद्रकाठचं शहर तटबंदीत का बांधलं, कोणापासून वाचवायचं होतं, हे कुणी धड सांगतच नाही. बाबा पहिल्या तासातच विचारणार आणि माझ्याकडे उत्तर नसणार.

तर कोणी जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज, कुठून सुरुवात करावी? बाबांचे गुडघे दुखतात, सपाट चालतात पण चढ जपून. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आणि कार्ताहेनाहून आल्यावर दोन-तीन दिवसांतच त्यांची मुंबईची फ्लाइट आहे, त्यात काही भानगड व्हायला नको.

दर्यावर्दी

मुक्ता, तुझ्या बाबांसाठी याहून चांगली जागा सापडणार नाही, पण एक कर, गावातून सुरुवात करू नकोस, समुद्रातून कर. बहुतेक लोक सरळ घड्याळ मनोऱ्याच्या दरवाजातून आत शिरतात, बाल्कन्या बघतात आणि शेवटी वेळ उरला तर किल्ला, आणि मग त्या भिंती नुसत्या शोभेच्या वाटतात. खरं संरक्षण गावापासून बरंच लांब, खाडीच्या तोंडाशी सुरू होतं.

नकाशा काढून बघ. आतल्या खाडीत जहाजं यायला दोन वाटा होत्या, गावाजवळची रुंद बोकाग्रान्दे आणि लांबची अरुंद बोकाचिका. 1640 मध्ये बोकाग्रान्देत जहाजं बुडाली, त्यांच्याभोवती वाळू साचून वाट बंद झाली, म्हणून सगळी वाहतूक बोकाचिकातून सुरू झाली. शंभरेक वर्षांनी समुद्राने ती वाळू परत कापली. मग स्पॅनिश इंजिनिअर आंतोनियो दे आरेवालो याने 1771 ते 1778 या काळात बोकाग्रान्देच्या आरपार पाण्याखाली दगडी भिंत घातली, तीन किलोमीटरहून लांब, आणि ती अजून तिथे आहे, मोठी जहाजं आजही बोकाचिकानेच येतात. बाबांना हे सांगितलंस की ते लगेच विजयदुर्गच्या पाण्याखालच्या भिंतीचा विषय काढतील बघ!

बोकाचिकाच्या दोन्ही बाजूंना सान फर्नांदो आणि सान होसे असे समोरासमोर किल्ले आहेत, मधून जाणारं जहाज दोन्हीकडच्या तोफांच्या टप्प्यात. गावातल्या मुएये दे ला बोदेगीता या धक्क्यावरून लाँच मिळते. सान फर्नांदोत चढ फारसा नाही, गर्दीही कमी.

तुझा मूळ प्रश्न, कोणापासून? दक्षिण अमेरिकेतली चांदी, सोनं, पाचू स्पेनला जायच्या आधी गोळा व्हायची त्या मोजक्या बंदरांपैकी हे एक. गाव वसलं 1533 मध्ये, आणि 1586 मध्ये इंग्रज फ्रान्सिस ड्रेकने ते घेतलं, चर्चचा भाग पाडला, घरं जाळली आणि मोठी खंडणी घेऊनच गेला. त्यानंतर स्पेनचा राजा दुसरा फिलिप जागा झाला आणि बाउतिस्ता आंतोनेली नावाचा इटालियन इंजिनिअर कॅरिबियनमध्ये तटबंद्या आखायला पाठवला. आता बाबांना हे नक्की सांग, त्याच सुमाराला पोर्तुगालही स्पेनच्याच राजांच्या मुकुटाखाली होता (1580 ते 1640), आणि याच फिलिपने पोर्तुगीज हिंदुस्थानसाठी जोवान्नी बात्तिस्ता कायराती नावाचा दुसरा इटालियन इंजिनिअर पाठवला होता. मोम्बासाचा फोर्ट जीझस त्याचा, आणि वसई-दमणच्या तटबंदीशीही त्याचं नाव जोडलं जातं. म्हणजे बाबा ज्या तटावर खेळले त्याचं आणि कार्ताहेनाचं थेट नातं आहे. बाणाच्या टोकासारखे कोनाकोनाचे बुरूज दोन्हीकडे दिसतील, त्या कोनांमुळे भिंतीच्या पायथ्याशी लपलेल्या माणसालाही शेजारच्या बुरुजावरून टिपता येतं.

सान फेलिपे दे बाराखासचा किल्ला मात्र सकाळी आठला उघडतो तेव्हाच गाठा. वर सावली नाही आणि दहानंतर दगड तापतात. पायऱ्यांपेक्षा उतरते रॅम्प जास्त आहेत त्यामुळे बाबा सावकाश चढतील, भुयारात मात्र वाकावं लागतं आणि पायाखाली ओल असते, तिथे थोडंच आत जा. माथ्यावरचा छोटा कोट 1657 चा, बाकीचा खाली पसरलेला सगळा डोलारा आरेवालोने 1762 पासून वाढवलेला. रचना अशी की खालचा बुरूज शत्रूने घेतला तरी वरच्या बुरुजावरून त्याला भाजून काढता येतं, म्हणजे जिंकलेली जागाच जिंकणाऱ्याला मारते.

1741 ची गोष्ट वर माथ्यावर उभं राहूनच सांग. इंग्रज ॲडमिरल व्हरनॉन 180 हून जास्त जहाजं आणि पंचवीस हजारांवर माणसं घेऊन आला. आत जेमतेम तीन-चार हजार, आणि आरमाराचा प्रमुख ब्लास दे लेसो, ज्याचा एक पाय आणि एक डोळा आधीच्या लढायांत गेला होता आणि एक हात निकामी झाला होता. इंग्रजांनी बोकाचिका फोडलं, आत आले, आणि त्या भरात विजयाची बातमी लंडनला पोचली, तिथे लेसो व्हरनॉनसमोर गुडघे टेकतोय अशी पदकंसुद्धा पाडली गेली! पण एप्रिलमध्ये या टेकडीवरचा हल्ला फसला, शिड्या तोकड्या पडल्या असं सांगतात, आणि मग पिवळ्या तापाने आणि हगवणीने छावणीत माणसं पटापट मरायला लागली. मे महिन्यात सगळं आरमार परत फिरलं. लेसो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला, आणि त्याला कुठे पुरलं ते आजही माहीत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. किल्ल्यासमोर त्याचा पुतळा आहे, तिथे थांबा जरा.

आणि हो, चिमाजी अप्पांनी वसई घेतली 1739 ला, म्हणजे यांच्या फक्त दोन वर्षं आधी. बाबांना काळ डोळ्यासमोर आणायला सोपं जाईल.

निशिगंधा_के

दर्यावर्दींनी तटबंदीचं इतकं छान सांगितलंय की मी त्यात पडत नाही, पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते ती लढायांइतकीच मोठी आहे. त्या भिंती बांधल्या कोणी? आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी, कैद्यांनी. कार्ताहेना हे स्पॅनिश अमेरिकेतलं गुलामांच्या व्यापाराचं फार मोठं बंदर होतं. घड्याळ मनोऱ्यातून आत गेलं की जो तिकोनी प्रशस्त चौक लागतो, प्लासा दे लोस कोचेस, तिथे माणसांचा बाजार भरायचा. आता तिथल्या कमानींखाली मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत नारळाच्या, चिंचेच्या, पपईच्या मिठाया मांडून बायका बसतात, आईंना आवडेल, नक्की घ्या, पण चौकाचं आधीचं काम माहीत असू द्या.

तिथून चालत पाच मिनिटांवर सान पेद्रो क्लावेरचं चर्च आहे. हा जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्री, 1610 मध्ये कार्ताहेनाला आला आणि आजाराने अंथरुणाला खिळेपर्यंत बंदरात लागणाऱ्या गुलामांच्या जहाजांवर पाणी, फळं, औषधं घेऊन जात राहिला, सोबत आफ्रिकी दुभाषे असायचे. 1654 मध्ये तो तिथेच वारला. त्याचे अवशेष वेदीखाली काचेच्या पेटीत आहेत. शेजारच्या मठात अंगण आहे, झाडं, गार सावली, बाबांना बसायला उत्तम.

आणि रंगीत घोळदार झगे घालून डोक्यावर फळांची घमेली घेतलेल्या ज्या बायका सगळ्या व्हिडिओंत दिसतात ना, त्या पालेंकेरा. मूळ गाव सान बासिलियो दे पालेंके, कार्ताहेनापासून साधारण पन्नास किलोमीटर. गुलामीतून पळालेल्या लोकांनी डोंगराच्या बाजूला स्वतःचं गाव वसवलं, तटबंदी करून राखलं, त्यांचा म्होरक्या बेंकोस बिओहो याला स्पॅनिशांनी 1621 मध्ये कार्ताहेनात ठार मारलं, पण गाव टिकलं, आणि त्यांची भाषा, स्पॅनिश शब्द पण आत कोंगोकडच्या भाषांचे धागे, आजही बोलली जाते. युनेस्कोने 2005 मध्ये त्या संस्कृतीची दखल घेतली. त्यामुळे एवढीच विनंती, लांबून चोरून फोटो काढू नका, फळं विकत घ्या, दोन शब्द बोला, फोटोचे पैसे मागितले तर द्या, तो त्यांचा धंदा आहे. जमलं तर अर्धा दिवस काढून स्थानिक गाइडबरोबर पालेंकेलाच जाऊन या. एका गावाची भिंत राजाच्या तिजोरीतून उभी राहिली आणि दुसऱ्या गावाची राजापासून वाचायला, दोन्ही एकाच भागात, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

राहायला आतल्या भागात महाग पडत असेल तर खेत्सेमानी बघ, तटबंदीतच पण साध्या लोकांची वस्ती. 11 नोव्हेंबर 1811 ला स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा इथलीच माणसं पेद्रो रोमेरोच्या मागे रस्त्यावर उतरली होती. संध्याकाळी त्रिनिदाद चर्चच्या चौकात मुलं फुटबॉल खेळतात, म्हातारी माणसं गप्पा मारत बसतात. पण तिथेही आता घरं विकून हॉटेलं होतायत, जुन्या लोकांना परवडत नाही, तेव्हा शक्यतो स्थानिक कुटुंबाने चालवलेल्या ठिकाणी राहा.

खादाड_मावशी

आईंचं जेवण होतं गं व्यवस्थित, काळजी नको, फक्त विचारून घ्यायचं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन वेवो’ एवढं पाठ कर, म्हणजे मटण, चिकन, मासे, अंडं नको. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर कधी कधी मासे आणून ठेवतात. नारळाच्या दुधातला भात मिळतो, खमंग, किंचित गोडसर, सोबत पाताकोनेस म्हणजे कच्ची केळी तळून चेपून परत तळलेली, आणि चीज घातलेली आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी. राजमासदृश उसळीत डुकराचं मांस असू शकतं, ती विचारल्याशिवाय नाही. आरेपा दे वेवोत अंडं असतं ती आईंना नको. नारळाचं लिंबू सरबत मात्र सगळ्यांनी घ्या.

आणि ज्यूसच्या गाडीवर ‘निस्पेरो’ मागा, तो आपला चिकू! चिकू मूळचा त्याच बाजूचा, तिकडून आपल्याकडे आला, आणि आपला आंबा तिकडे गेला. कैरी मीठ-लिंबू लावून रस्त्यावर मिळते, आई खूश होतील, मी तर वसई-डहाणूकडचीच आहे मला किती आनंद झाला असेल बघ.

प्रवासी_पक्षी

कागदपत्रांचं सांगतो कारण तिथे लोक अडकतात. भारतीय पासपोर्टला कोलंबियाचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर सूट आहे, मात्र पोचाल त्या दिवशी त्या व्हिसाची किमान 180 दिवसांची मुदत शिल्लक हवी, आईबाबांचा व्हिसा काढून तारीख आत्ताच बघा. नियम बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आधी सरकारी साइटवर परत खात्री करा. चेक-मिग नावाचा कोलंबियाच्या इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म निघण्याच्या आधीच्या 72 तासांत भरायचा, तो फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, यलो फीव्हर. दर्यावर्दींनी लिहिलेला व्हरनॉनच्या सैन्याचा पिवळा ताप तो हाच. कोलंबिया सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लसीचं सर्टिफिकेट मागतात, नसेल तर क्वारंटाइन करू शकतात. तुम्ही दोन-तीन दिवसांतच फ्लाइट म्हणताय, म्हणजे नेमके त्यात येता. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढच्या लोकांना ती द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतात, तेव्हा त्यांच्याशी बोला. नाहीतर सरळ मुंबईची फ्लाइट आठवडाभर पुढे ढकला, सगळा प्रश्नच मिटतो.

टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवा. विमानतळ गावाला अगदी लागून आहे.

मुक्ता

बापरे, यलो फीव्हरचं मला अजिबात माहीत नव्हतं, खूप खूप आभार! बाबा एकाहत्तरचे आहेत त्यामुळे लसीपेक्षा फ्लाइटच पुढे ढकलतोय, आजच फोन लावते. कायरातीचं बाबांना वाचून दाखवलं, ते उठून वसईचे जुने फोटो शोधायला लागले. पालेंकेचंही नक्की करतोय, आईनेच सांगितलं की बीच नको, तिथे जाऊ.

एकच शेवटचं, बोकाचिकाची लाँच किती हलते? आईला बोट लागते. आणि तटावरून चालायचं असेल तर कुठून कुठपर्यंत?

दर्यावर्दी

डिसेंबरपासून वारा जोर धरतो आणि दुपारनंतर पाणी उसळतं, म्हणून सकाळची लाँच घ्या आणि जेवणाआधी परत या. वाट बरीचशी खाडीतूनच आहे, उघड्या समुद्रातून नाही, आईंना मागच्या बाजूला बसवा, तिथे दणके कमी.

तटावर चालणं फुकट आहे. संध्याकाळी पाचला लास बोवेदासपासून सुरू करा, 1790 च्या दशकात बांधलेल्या त्या तेवीस कोठड्या, आधी लष्करी कोठार, मग तुरुंग, आता हस्तकलेची दुकानं, आईंची खरेदी तिथेच होईल. बाजूच्या रॅम्पने तटावर चढा आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून सांतो दोमिंगोच्या बुरुजापर्यंत या, वाट रुंद आहे, कडेला कठडा मात्र सगळीकडे नाही तेव्हा बाबांना आतल्या बाजूने चालू दे. मध्ये कुठेतरी थांबून दगड जवळून बघा, त्यात पोवळ्याची नक्षी स्पष्ट दिसते, बारीक चांदण्यांसारखी छिद्रं, समुद्रातलाच दगड काढून भिंत रचलीय. सांतो दोमिंगोला उतरायला रॅम्प आहे, पायऱ्या नाहीत.

(पालेंकेच्या दिवशी किल्ला ठेवू नका, दोन्ही एका दिवसात गुडघ्यांना झेपणार नाही.)