‘चेकर्ड बीटल’ला मराठीत काय म्हणायचं? चौकडी, पट्टे आणि मुंगळा

मंडळी, एक शब्द अडलाय. युरोपातल्या पाइन-स्प्रूसच्या जंगलातल्या किड्यांवर मुलांसाठी मराठीत छोटी सचित्र माहिती लिहितोय, त्यात थानासिमस फॉर्मिकॅरियस नावाचा एक शिकारी किडा आहे. इंग्रजीत त्याच्या सगळ्या कुळाला चेकर्ड बीटल म्हणतात म्हणून मी ‘चौकडीचा भुंगा’ लिहून मोकळा झालो आणि मग फोटो मोठा करून बघितला तर अंगावर एकसुद्धा चौकोन नाही, आडवे पट्टे आहेत. त्यालाच अँट बीटल असंही नाव आहे, मग ‘मुंगीखाऊ भुंगा’ लिहिलं तर चालेल का? आणि स्पीशीजला जाती लिहू की प्रजाती?

— — —

दादा, आधी ‘भुंगा’ काढा. भुंगा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गुणगुणणारा, वाशाला गोल भोक पाडणारा काळा भुंगा येतो, आणि तो मधमाशीच्या नात्यातला आहे. कडक पाठीच्या किड्याला शेतकरी बरोबर वेगळा शब्द वापरतात, भुंगेरा. हुमणी ही अळी, आणि तिचे बाहेर पडतात ते भुंगेरे, असंच म्हणतात ना. तयार शब्द आहे, सगळ्यांना कळतो, तोच घ्या.

आता चौकडी. चौकडीचा शर्ट म्हटलं तर कापड दिसतं, पण ‘चौकडी भुंगेरा’ म्हटलं की चार जणांची टोळी वाटते, चांडाळचौकडीतली. आणि तुम्ही म्हणताय तसं या किड्यावर चौकोन नाहीतच. चेकर्ड हे कुळाचं नाव आहे, क्लेरिडी कुळाचं, त्यात जगभरात साधारण ३,५०० जाती आहेत, काहींवर ठिपके, काहींवर पट्टे, काही नुसत्याच निळ्या चकचकीत. जर्मनमध्ये या कुळाला ‘बुंटकेफर’ म्हणतात म्हणजे रंगीबेरंगी भुंगेरे, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. मी कुळासाठी ‘रंगीत भुंगेरे’ लिहीन आणि या एका जातीसाठी वेगळं नाव शोधीन, दोन्हीची सरमिसळ झाली की ओळखच चुकते.

‘मुंगीखाऊ’ मात्र अजिबात नको, कारण तो मुंग्या खात नाही! खातो ते सालीत राहणारे छोटे भुंगेरे, त्यांना आपण सालभुंगेरे म्हणू. मुंगीशी संबंध फक्त दिसण्याचा आणि पळण्याचा आहे, उन्हात खोडावर तो असा तुरुतुरु धावतो की लांबून मुंगळाच वाटतो. लॅटिन फॉर्मिकॅरियसमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी, आणि पुढचा ‘-आरियस’ एवढंच सांगतो की मुंगीशी काहीतरी संबंध आहे, कसला ते सांगत नाही. याच कुळात ट्रायकोडीस एपिॲरियस आहे, एपिस म्हणजे मधमाशी, तिथे संबंध खाण्याचा आहे, त्याच्या अळ्या मधमाश्यांच्या घरट्यांत वाढतात आणि तिथली पिल्लं खातात. म्हणजे प्रत्यय तोच, नातं वेगळं. लॅटिन शब्दाचा अर्थ लागला म्हणजे किडा कळला असं होत नाही, तो काय करतो ते बघावंच लागतं.

आणि गंमत बघा, मराठी जोडशब्द अगदी तसेच वागतात. खोडकिडा खोडात असतो, सोंडकिड्याला सोंडेसारखं तोंड असतं, ढालकिडा ढालीसारखा दिसतो. तिन्हीकडे ‘किडा’ तोच पण आधीचा शब्द कुठे जागा सांगतो, कुठे अवयव, कुठे आकार. म्हणून मी ‘मुंगळभुंगेरा’ सुचवते. मुंगी नको, मुंगळा हवा, कारण किडा ७ ते १० मिलिमीटरचा आहे, आणि शेवटी ‘खाऊ’ नाही म्हणजे चुकीची माहिती जात नाही.

— — —

ताई, मुंगळभुंगेरा एकदम आवडला. पण मग एक शंका, नावात ओळख नसेल तर मुलांना ओळखायला काय सांगू? आणि माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात याच किड्याला क्लेरस फॉर्मिकॅरियस म्हटलंय, तो वेगळा का?

— — —

वेगळा नाही, तोच. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ साली त्याला ॲटेलाबस फॉर्मिकॅरियस असं नाव दिलं, ॲटेलाबस हे नाव आज पानं गुंडाळणाऱ्या सोंडकिड्यांकडे राहिलंय. मधल्या काळात बरेच जण क्लेरस लिहायचे. थानासिमस हा वंश, म्हणजे जीनस, फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेयनं १८०६ मध्ये केला, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जीवघेणा, आणि सालभुंगेऱ्यांच्या बाजूनं बघितलं तर अगदी खरा. आता शास्त्रीय नावापुढे लिनियस आणि १७५८ कंसात लिहितात ना, तो कंस सजावटीचा नाही, त्याचा अर्थ असा की जातीचं नाव या माणसानं दिलं पण तेव्हा ती दुसऱ्या वंशात होती. वंश बदललेला नसेल तर कंस नसतो. मराठीत लिहिताना लोक हा कंस सर्रास खाऊन टाकतात नाहीतर सगळीकडे घालतात, दोन्ही चूक. एवढ्याशा खुणेत किड्याचा सगळा प्रवास असतो, तो पुसू नका.

लात्रेयचं नाव निघालं म्हणून सांगते, फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत तो बोर्दोच्या तुरुंगात होता आणि कोठडीत सापडलेल्या एका किड्यामुळे बाहेरच्या निसर्गअभ्यासकांपर्यंत त्याची खबर गेली आणि तो सुटला. तो किडा नेक्रोबिया रुफिकॉलिस, याच रंगीत भुंगेऱ्यांच्या कुळातला.

ओळखीचं सांगायचं तर पुढून मागे जा. मी एकदा संग्रहातला सुईवर टोचलेला नमुना भिंगाखाली बघितलाय, अंगभर उभे केस होते. डोकं काळं. त्यामागे छातीची वरची ढाल लाल, तिची फक्त पुढची कड काळी. मग कडक पंख, ते सुरुवातीला लाल, पुढे काळे, त्या काळ्यावर आधी एक बारीक नागमोडी पांढरी रेघ आणि मागच्या बाजूला एक रुंद पांढरा पट्टा, टोक परत काळं. लांबून पट्टे रंगवल्यासारखे दिसतात, भिंगातून कळतं की ते दाट पांढऱ्या केसांचे आहेत.

घोळ होतो तो क्लेरस म्युटिलॅरियसशी. तो जरा मोठा, ओकच्या झाडांवर सापडणारा, त्याच्याही पंखांवर लाल-काळा-पांढरा असाच खेळ आहे. तिथे सरळ छातीची ढाल बघायची, लाल असेल तर आपला मुंगळभुंगेरा, काळी असेल तर तो दुसरा. उत्तर अमेरिकेत याच वंशातला थानासिमस ड्युबियस आहे, ड्युबियस म्हणजे शंकास्पद, तोही तिकडे पाइनमधले सालभुंगेरे खातो. आणि तुमचा युरोपातलापण अमेरिकेत नेऊन बघितला होता, १८९२ मध्ये अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी जर्मनीतून वेस्ट व्हर्जिनियात सोडला, पण तिथे रुजला नाही.

— — —

मधेच बोलतो, माफ करा. जाती-प्रजातीचा प्रश्न तसाच राहिला. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे वंश किंवा प्रजाती असं आहे, आणि आता वर्तमानपत्रं स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. म्हणजे एकच शब्द दोन पायऱ्यांवर बसलाय. मी ‘वंश’ आणि ‘जाती’ हीच जोडी वापरतो, प्रजाती टाळतो, वाचणाऱ्याला दुसरा अर्थ लागायची वाटच राहत नाही. दुसरं म्हणजे ‘परभक्षी’ लिहाल का ‘शिकारी’? शेतीच्या पुस्तकांत परभक्षी आहे पण मुलांना शिकारी पटकन कळेल. फक्त परोपजीवी लिहू नका, मी हे तीन-चार ठिकाणी वाचलंय. परोपजीवी एका यजमानाच्या जिवावर वाढतो, हा एकामागून एक मारत सुटतो.

— — —

काका, पटलं, वंश आणि जाती ठेवतो. शिकारीच लिहितो. हे बघा कसं वाटतं:

“मुंगळभुंगेरा. लांबी ७ ते १० मिमी. डोकं काळं, छाती लाल, पंखांवर दोन पांढरे पट्टे. तो सालभुंगेऱ्यांची शिकार करतो. त्याची गुलाबी अळी सालीखाली राहते.”

— — —

छान झालंय, दोन ठिकाणी हात लावते. ‘छाती लाल’ नको, ‘छातीची वरची ढाल लाल, पुढची कड काळी’ असं करा, कारण ओळख तिथेच ठरते आणि नुसतं छाती म्हटलं की मुलं किडा उलटा करून पोटाकडून बघतील.

आणि शेवटचं वाक्य. ‘सालीखाली राहते’ वाचून वाटतं की अळी लाकूड खात बिचारी पडून आहे, म्हणजे तीच कीड झाली. तीपण शिकारीच आहे! मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी आत शिरते आणि सालभुंगेऱ्यांनी पोखरलेल्या बोगद्यांतून फिरत त्यांची अंडी, अळ्या, कोष खात सुटते. मोठा किडा बाहेर खोडावर थांबतो, सालभुंगेऱ्यांच्या गंधाच्या मागावर तिथे पोचलेला असतो, आणि एक आला की पुढच्या पायांनी धरतो, डोकं धडापासून तोडतो आणि आतलं मऊ खातो, कडक पंख खाली पडतात. म्हणून असं लिहा: “मोठा किडा सालीवर शिकार करतो आणि त्याची गुलाबी अळी सालीखाली.” ‘शिकार करतो’ एकदाच आलंय पण ते दोघांनाही लागू पडतं, मराठीत चालतं तसं.

आणि जागा उरली तर एक ओळ जाड सालीबद्दल घाला. अळीला कोष करायला जाड साल लागते, ती पाइनला असते, स्प्रूसची पातळ, म्हणून स्प्रूसवर त्याला शिकार भरपूर मिळाली तरी पुढची पिढी तिथे नीट वाढत नाही. तुम्ही वर ‘पाइन-स्प्रूसची जंगलं’ असं जोडून लिहिलंय, या किड्यापुरतं ते तोडून लिहा.