दूरच्या भूकंपावरून भूकवचाची जाडी
मराठवाड्यात भूकंप क्वचितच होतात, म्हणून इथल्या भूकवचाचा अभ्यास रखडणारच, हे मत पटत नाही. धक्का इथेच बसायला हवा असे नाही. जपानसारख्या हजारो किलोमीटर दूरच्या मोठ्या भूकंपाच्या प्राथमिक लहरी (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या) आपल्याकडे बऱ्याच उभ्या दिशेने वर येतात, कवचाच्या तळाशी त्यांचा काही अंश दुय्यम लहरींत बदलतो आणि तो मंद असल्याने भूकंपमापकाच्या आडव्या हालचालीच्या नोंदीत साधारण चार-पाच सेकंद मागाहून उमटतो. या विलंबावरून जाडी काढतात; मात्र लहरींचा वेग गृहीत धरावा लागतो, ही त्यातली मेख.

वरच्या थरासाठी विंधनविवरच (जमिनीत खोल पाडलेले छिद्र) अधिक बोलके: १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विवरात बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) जेमतेम ३३८ मीटर भरला, आणि त्याखाली कितीतरी जुना पायाचा खडक लागला.