हिवाळ्यात गोल्फचा स्विंग बदलावा, की आहे तसाच राहू द्यावा?

रानवारा (शिकागो)

ऑक्टोबर संपला की आपल्या इथल्या बहुतेक गोल्फवाल्यांचं ठरलेलं असतं. बॅग गराजच्या कोपऱ्यात जाते ती थेट एप्रिलमध्येच बाहेर निघते. मग पहिल्याच टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) तोच जुना स्लाइस, म्हणजे हवेत बाजूला वळत जाणारा चेंडू, आणि "यंदा लेसन घ्यायलाच हवेत" हे दरवर्षीचं वाक्य. माझं मत स्पष्ट आहे. हौशी खेळाडूला स्विंगमध्ये, म्हणजे क्लब (काठी) फिरवण्याच्या पद्धतीत, मुळातून बदल करायचा असेल तर तो हिवाळ्यातच करावा. उन्हाळ्यात तो होत नाही.

का होत नाही? उन्हाळ्यात दर शनिवारी स्कोअर मांडायचा असतो. गुरुवारी कोचने ग्रिप (क्लबवरची पकड) बदलून दिली, शनिवारी दुसऱ्या होलवर चेंडू तळ्यात गेला, की तिसऱ्या टीवर हात आपोआप जुन्या जागी जातात. इलिनॉयमध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) इथले स्कोअर धरतच नाहीत. (फ्लोरिडात जाऊन खेळलात तर तिथला सीझन चालू असतो, तो स्कोअर मात्र नोंदवावा लागतो.) म्हणजे पाच महिने वाईट खेळलं तरी कुठे नोंद नाही. एवढी मोकळीक वर्षात पुन्हा मिळत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चेंडू समोर असला की डोक्यात फक्त तो मारणं असतं. स्लाइसचंच घ्या. चेंडू कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) ठरवतो आणि हवेत कुठे वळणार हे फेस आणि स्विंगचा पाथ (क्लब जातो तो मार्ग) यांच्यातल्या फरकावर ठरतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा पाथ बाहेरून आत, डावीकडे जातो, फेस त्या मानाने उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. मग तो आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो, पाथ आणखी डावीकडे जातो आणि स्लाइस वाढतो. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) चेंडू मारत राहिलं की हीच तडजोड पक्की होत जाते. चेंडूच काढून घेतला तर तडजोड करायला कारणच उरत नाही.

बेसमेंटमध्ये सात नंबरचं आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) घेऊन आरशासमोर उभं राहायचं. (आधी छताची उंची बघा, ड्रायव्हर हा सगळ्यात लांब क्लब तर बहुतेक बेसमेंटमध्ये फिरतच नाही.) डावा हात ग्रिपवर किंचित उजवीकडे वळवायचा, वरून पाहिल्यावर मुठीची दोन-तीन हाडं दिसली पाहिजेत. बॅकस्विंगच्या (क्लब मागे वर नेण्याच्या) टोकाला थांबायचं. मग अगदी सावकाश खाली येताना बघायचं, की उजवं कोपर बरगडीजवळ उतरतंय की खांद्याबरोबर पुढे फेकलं जातंय. ओव्हर द टॉप म्हणतात तो दोष नेमका इथेच, त्या पहिल्या हातभर अंतरात जन्माला येतो. पूर्ण वेगात तो दिसणं शक्य नाही.

निक फाल्डोने १९८० च्या दशकाच्या मध्यात कोच डेव्हिड लेडबेटरबरोबर सगळा स्विंग नव्याने उभा केला. त्यात वर्षं गेली, पण १९८७ ला म्युअरफील्डवर शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल 'पार'मध्ये, म्हणजे प्रत्येक होलला ठरलेल्या नेमक्या फटक्यांत खेळून त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. टायगर वूड्सने १९९७ ची मास्टर्स १२ स्ट्रोकने जिंकल्यावरसुद्धा कोच बुच हार्मनबरोबर स्विंग बदलला. १९९८ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) एकच विजय मिळाला आणि २००० मध्ये एकाच वर्षी तीन मेजर (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी). वेळ द्यायची तयारी असेल तर बदल होतो. आपल्याकडे ही वेळ फक्त हिवाळ्यात असते.

धोंडीबा (डेट्रॉइट)

तुमची तळमळ कळते, पण निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. आणि उदाहरणं तर तुमच्याच विरोधात जातात.

फाल्डो आणि टायगर यांनी बदल बेसमेंटमध्ये केले नाहीत. दोघेही त्या काळात स्पर्धा खेळत होते, हरत होते, रोज ढिगाने चेंडू मारत होते आणि शेजारी कोच उभा होता. टायगरचं १९९८ हे पूर्ण वर्ष टूरवर गेलं, दिवाणखान्यात नाही. चेंडू कसा गेला हे प्रत्येक फटक्याला कळत होतं, म्हणून तो बदल टिकला.

दुसरं, सगळ्यांनी बदलायलाच हवं हे कुणी सांगितलं? जिम फ्युरिकचा स्विंग कुठल्याही पुस्तकात बसत नाही. बॅकस्विंगला क्लब उभा वर जातो आणि खाली येताना वळसा घेऊन पाठीमागून येतो. वडीलच त्याचे कोच, त्यांनी तो बदलू दिला नाही. २००३ ची यूएस ओपन त्याने तुमच्याच शिकागोच्या दक्षिणेला, ऑलिंपिया फील्ड्सवर जिंकली. २०१६ मध्ये एका फेरीत फक्त ५८ फटके! उलट पॅड्रिग हॅरिंग्टन बघा. २००७ ची ओपन, २००८ ची ओपन आणि पीजीए, असे तीन मेजर जिंकल्यावर स्विंग सुधारायला गेला. पन्नाशीनंतरच्या सिनियर स्पर्धा सोडल्या तर त्यानंतर मेजर नाही. जगातल्या पहिल्या पाचांतल्या माणसाचं हे झालं, तर नोकरी सांभाळून आरशात बघणाऱ्यांनी काय समजायचं?

हिवाळ्यात पटिंग (होलजवळ चेंडू हळूच लोटणं) करा, व्यायाम करा, क्लबच्या मुठीवरच्या ग्रिप्स बदलून घ्या. स्विंगला हात लावू नका.

बाणेरकर

पुण्यातून लिहितोय. आमच्याकडे उलटं आहे. डिसेंबर-जानेवारी हाच खरा सीझन, सकाळी स्वेटर घालून टी-ऑफ करायचा. सुट्टी असते ती पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. चेंडू पडल्या जागी चिखलात रुततो, रोल मिळत नाही, आणि आठवड्यातून एकदा कोर्सवर जाता आलं तरी नशीब.

पण एक गोष्ट नक्की सांगतो. आमचा खेळ जवळजवळ वर्षभर चालू राहतो, म्हणून कुणी बदल हातीच घेत नाही. कायम पुढच्या रविवारी कुठलीतरी मंथली मेडल (क्लबची महिन्याची स्पर्धा) असते. कॅडी बिचारा दर फेरीला सांगतो, "साहेब, डोकं उचलताय, खांदा आधी फिरतोय." ऐकतो कोण? या बाबतीत रानवारांशी सहमत. सक्तीची सुट्टी हे भाग्य आहे.

उत्तरा (टोरांटो)

धोंडीबांचा मुद्दा अर्धा पटला, पण कारण वेगळं आहे. अडचण हिवाळ्याची नाही, मॅटची (ज्यावरून चेंडू मारतो त्या चटईची) आहे.

इथे नोव्हेंबर ते मार्च सगळे सिम्युलेटरवर (फटका स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) किंवा डोममध्ये (छताखालचं सराव मैदान) जातात. गवतावर क्लब चेंडूच्या इंचभर आधी जमिनीत गेला तर चेंडू निम्म्या अंतरावर पडतो, हाताला झटका बसतो आणि चूक कळते. मॅटवर तोच क्लब आपटून घसरतो आणि चेंडूला बऱ्यापैकी लागतो. स्क्रीनवर १५० यार्ड, सगळे खूश. एप्रिलमध्ये पहिल्या ओल्या फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या छाटलेल्या गवताच्या पट्टीवर) हा माणूस चेंडूऐवजी माती उडवतो आणि म्हणतो, हिवाळ्यात तर छान जात होता.

माझा उपाय सांगते. घडी केलेला छोटा टॉवेल चेंडूच्या मागे चार-पाच इंचांवर ठेवायचा. क्लब टॉवेलला लागला की तो फटका बाद, स्क्रीनवर काहीही आकडा येवो. हे न करता सिम्युलेटरवर तासन्‌तास घालवणाऱ्यांनी स्विंग बदलला असं मी मानत नाही.

आकड्यांबद्दलही एक. फटका मोजणाऱ्या, रडारवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांना चेंडू पुरेसा उडताना दिसावा लागतो. आठ-दहा फुटांवर जाळी असेल तर स्पिन (चेंडूची फिरकी) बऱ्याचदा मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रं चेंडू निघतानाच टिपतात, ती घरात जास्त भरवशाची. स्लाइस गेला की नाही हे तपासायचं असेल तर हा फरक माहीत असायला हवा.

रानवारा

उत्तराताई, टॉवेलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी आधी चेंडूशिवाय करा म्हणतोय.

धोंडीबा, फ्युरिकच्या वळशाकडे बघू नका, चेंडूला क्लब लागतो त्या क्षणाकडे बघा. तिथे त्याचा फेस आणि पाथ दर वेळी जुळून येतात. ज्याचे जुळतात त्याने काहीही बदलू नये, मीही तेच म्हणेन. ज्याचा ड्रायव्हर तीनदा मारला की दोनदा झाडीत जातो त्याला फ्युरिकचं उदाहरण देऊन गप्प बसवणं बरोबर नाही. हॅरिंग्टन जिंकत असताना बदलायला गेला. इथे आपण जिंकत नसलेल्यांबद्दल बोलतोय.

आणि "पटिंग करा" हा सल्ला सगळे देतात म्हणून सांगतो. कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी यांनी फटक्याफटक्याची आकडेवारी तपासली. चांगल्या आणि साधारण खेळाडूच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. म्हणजे फुल स्विंगमधूनच. गालिच्यावर सहा फुटांचे पट घालून पंधराचा हँडिकॅप दहा होणार नाही.

धोंडीबा

ब्रॉडींचे आकडे मान्य. पण त्यावरून फुल स्विंग महत्त्वाचा आहे एवढंच सिद्ध होतं. तो आरशासमोर सुधारतो हे कुठे सिद्ध झालं?

सरावाबद्दलचा शिया आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. हाताच्या हालचालींचे काही क्रम लोकांना शिकवले. एकच क्रम पुन्हा पुन्हा करणाऱ्यांनी सरावात बाजी मारली, पण नंतर चाचणी घेतली तेव्हा आलटून पालटून सराव केलेले पुढे निघाले. बेसमेंटमध्ये किंवा डोममध्ये तुम्ही नेमकं पहिलं करता. तेच आयर्न, तोच सपाट मॅट, तीच हालचाल. कोर्सवर तोच फटका लागोपाठ दोनदा मारायला मिळतो का? चेंडू कधी पायाच्या वर, कधी खाली, समोरून वारा. तिथे आरशातला स्विंग पहिल्याच उतारावर गळून पडतो.

शेवंती (मिनेसोटा)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तुमच्या वादाचे परिणाम फेब्रुवारीत माझ्या टेबलावर येतात, म्हणून लिहिते.

बहुतेक चाळिशीपुढच्या लोकांना कोच जो स्विंग सांगतो तो त्यांच्या शरीरात बसतच नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसून पाठीचा वरचा भाग आखडलेला असतो. तो फिरत नाही म्हणून माणूस कंबरेतून फिरतो किंवा हातांनी क्लब ओढतो. तुम्ही त्याला ओव्हर द टॉप म्हणता, मला तो आखडलेला मणका दिसतो. घरी तपासून बघा. खुर्चीत बसा, गुडघे जुळवा, छातीवर हातांची घडी घाला आणि कंबर न हलवता दोन्हीकडे वळा. साधारण ४५ अंशांपर्यंत वळता यायला हवं. तिथवर पोचत नसाल तर आरशाआधी हे सोडवा.

आणि कृपा करून थंड गराजमध्ये कडक मॅटवर चेंडूंच्या बादल्या रिकाम्या करू नका. क्लब कडक पृष्ठभागावर आपटतो तेव्हा त्याचा धक्का मनगट आणि कोपर घेतं. कोपराच्या आतल्या बाजूचं हे दुखणं एकदा जडलं की महिने जातात, आणि मग एप्रिलही हातचा जातो. जाड, मऊ मॅट, आधी दहा मिनिटं अंग गरम करणं, आणि एका वेळी मोजके फटके.

बदल करा की नको यावर माझं मत विचाराल तर करा, पण या क्रमाने. आधी शरीर, मग सावकाश हालचाल, चेंडू शेवटी.

बाणेरकर

शेवंतीताई, खुर्चीची चाचणी आत्ताच ऑफिसात केली. आज संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांना करायला लावतो.

उत्तरा (टोरांटो)

धोंडीबांनी सांगितलेला प्रयोग बरोबर आहे, पण त्यावरून हिवाळा वाया जातो असं कुठे निघतं? सरावच आलटून पालटून करा ना. सिम्युलेटरवर बसून सात नंबर पन्नास वेळा मारण्याऐवजी एखादा कोर्स लावा. ड्रायव्हर, मग आयर्न, मग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब), प्रत्येक वेळी नवं लक्ष्य. नवा बदल पहिले काही आठवडे एकसुरी सरावात बसवावा लागतो हे मान्य. त्यानंतरही तसंच करत राहिलं तर ते चुकतं.

आणखी एक, रानवारांसाठी. आरशात कोपराकडे बघत राहण्याची सवय फार काळ ठेवू नका. गॅब्रिएले वुल्फ यांचं संशोधन आहे, त्यात गोल्फच्या पिच शॉटवरही (जवळचा उंच फटका) प्रयोग झाले. शरीराच्या अवयवाकडे लक्ष देण्यापेक्षा क्लब कसा झुलतोय याकडे लक्ष दिलेल्यांचे फटके जास्त अचूक होते. त्यामुळे कोपर आरशात एकदा जागेवर आलं की "क्लबहेड चेंडूच्या आतल्या बाजूने जाऊ दे" एवढाच विचार ठेवायचा. चेंडूच्या बाहेरच्या बाजूला वीतभर अंतरावर ड्रायव्हरचं कापडी कव्हर ठेवा. पाथ बाहेरून आला की क्लब त्याला लागतो, वेगळं काही आठवावं लागत नाही.

रानवारा

कव्हरची युक्ती उद्यापासून. फोनने व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी एक भर घालतो. कॅमेरा हातांच्या उंचीवर, लक्ष्यरेषेला समांतर आणि दर वेळी त्याच जागी ठेवा. फूटभर इकडेतिकडे झाला तरी तोच स्विंग कधी आतून, कधी बाहेरून आल्यासारखा दिसतो आणि माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. जमिनीवर टेपची खूण करून ठेवा.

धोंडीबा, आता तुम्हाला सरळ प्रश्न. ज्याचा स्लाइस दहा वर्षं गेलेला नाही, त्याने तो नेमका कधी घालवायचा?

धोंडीबा

एप्रिल-मेमध्ये. गवतावर, कोचसमोर, आणि त्या दोन महिन्यांत हँडिकॅप वाढला तर वाढू द्यायचा. तुम्ही ज्याला अडचण म्हणता, तो दुसऱ्या होलवर तळ्यात गेलेला चेंडू, मी त्यालाच शिक्षण म्हणतो. तरीही ग्रिप न सोडता तिसऱ्या टीवर उभं राहायला जो शिकला, त्याचा स्विंग बदलला. हे बेसमेंटमध्ये शिकता येत नाही.

शेवंतीताईंचं मात्र सगळं मान्य. डिसेंबर ते मार्च पाठीचे व्यायाम करणार, क्लबला हात नाही.

शेवंती (मिनेसोटा)

धोंडीबा, व्यायामाबरोबर रोज पाच मिनिटं रिकामा क्लब सावकाश फिरवा. चार महिने काहीच न करता एप्रिलच्या गारठ्यात एकदम पूर्ण जोरात ड्रायव्हर मारणारे लोकसुद्धा माझ्याकडेच येतात.