मदत हवी आहे: नवख्या टॅकलचा खेळ कसा जोखायचा?

मंडळी, एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला नवखा टॅकल (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीतला कडेचा खेळाडू) पहिल्या काही सामन्यांत खरंच कसा खेळतोय, हे ओळखायचं कसं? २०२५ मध्ये पेट्रियट्स संघाने टॅकल विल कॅम्पबेलला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) चौथ्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा त्याच्या आखूड हातांवरून केवढा वाद! मला तो घाईचाच वाटतो. २०२१ मध्ये डेट्रॉइट संघाचा नवखा टॅकल पेनेई सूएल सराव सामन्यांत उजव्या बाजूला चाचपडत होता. डावीकडचा नेहमीचा टॅकल डेकर जखमी झाल्यामुळे पहिल्याच सामन्यात त्याला डावीकडे उतरवलं, आणि टीका करणारेच कौतुक करू लागले.

मग बघायचं काय, पायांची हालचाल की हातांची पकड? क्वार्टरबॅकने चेंडू फार वेळ धरला म्हणून झालेली सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणं) टॅकलच्या माथी मारायची का? आणि चूक शेजारच्या गार्डची (त्याच फळीत टॅकलच्या आतल्या बाजूला उभ्या खेळाडूची) होती, हे टीव्हीवर तुम्हाला कळतं कसं?