एकट्याचं घर, एकट्याचा टॅक्स : तुमचे अनुभव लिहा

आपल्याकडे इन्कम टॅक्स माणशी लागतो, घराला नाही. नवरा-बायकोलाही एकत्र रिटर्न भरता येत नाही, म्हणून एकट्या माणसाला वेगळा दर नाही. हे मला रास्त वाटतं. पण भाडं, वीज, मेंटेनन्स सगळं एकाच पगारातून जातं, आणि वजावटी बघायला गेलं की त्या संसारी माणूस डोळ्यांसमोर ठेवून केल्यात हे लगेच कळतं. मुंबईत वर्षानुवर्षं एकटं राहून टॅक्स भरणाऱ्यांनी आपले अनुभव लिहावेत. पगार सांगायची गरज नाही.

सुरुवात मी करते. दादरला राहते, खासगी नोकरी. २०१०-११ मध्ये बायकांना १,९०,००० पर्यंत टॅक्स नव्हता, पुरुषांना १,६०,००० पर्यंत. म्हणजे उपकर सोडून वर्षाला ३,००० वाचायचे, आणि तेव्हा तेवढ्यात माझा दोन महिन्यांचा किराणा व्हायचा. २०१२-१३ पासून साठीच्या आतल्या बायका-पुरुषांना सारखेच दोन लाख झाले. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ८०सी भरताना, म्हणजे ठरावीक खर्च आणि गुंतवणूक उत्पन्नातून वजा करून घ्यायचं कलम. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मुलांच्या फीच्या पावत्या लावायची. मी आईच्या आयुर्विम्याचा हप्ता भरत होते, तो चालत नव्हता! नवऱ्याचा, मुलांचा चालतो, आईवडिलांचा नाही. आईचा मेडिक्लेम मात्र ८०डी मध्ये, म्हणजे आरोग्यविम्याच्या वजावटीत, बसायचा. जिला मी सांभाळते ती एका कलमात माझं कुटुंब आणि दुसऱ्यात नाही, हे मला आजही पटत नाही.

अंधेरी, भाड्याने
भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की एचआरएची (पगारातल्या घरभाडे भत्त्याची) सूट घ्यायला घरमालकाचा पॅन लागतो. माझे एक मालक पॅन द्यायलाच तयार नव्हते. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी दलाली, आणि पावत्यांचा घोळ तोच. नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) एचआरए गेला, पण मला बरंच वाटलं. २०२५-२६ साठी पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स शून्य. लग्न झालंय का, मुलं किती, कुणी विचारत नाही. राज्याचा प्रोफेशन टॅक्स तेवढा कापला जातोच, महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००.

मुलुंड, स्वतःचा वन बीएचके
बाई एकटी घर घेत असेल तर फायदाही आहे, तो सांगते. एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. ८० लाखांवर ८०,००० वाचले. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत नाही. शिवाय ५०० चौरस फुटांच्या आतलं घर, त्यामुळे २०२२ पासून मालमत्ता कर माफ. व्याजाचं गणित मात्र उलटं. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावर माणशी दोन लाखांची वजावट. जोडप्याला मिळून चार, मला दोन. हप्ता तेवढाच.

बोरिवली
बायको गेल्यावर तिचं फॅमिली पेन्शन सुरू झालं. ते पगारात धरत नाहीत, इतर उत्पन्नात दाखवावं लागतं. वजावट एक तृतीयांश किंवा १५,०००, जे कमी असेल ते. नव्या पद्धतीत २५,००० ची मर्यादा. ऑफिसात कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

गिरगाव, निवृत्त शिक्षिका
मी रिटर्नचा जुना सरल फॉर्म हाताने भरून चर्चगेटच्या आयकर भवनात रांग लावलेली आहे. आता भाची मोबाइलवर ओटीपी घेऊन भरते. दर एप्रिलला बँकेत १५एच, म्हणजे व्याजातून टॅक्स कापू नका असा ज्येष्ठांचा फॉर्म, देत आले. टॅक्स फारसा येत नाही, काळजी वेगळीच आहे. माणूस गेला तरी त्या वर्षीचं रिटर्न राहतं, आणि ते कायदेशीर वारसाने पोर्टलवर नोंद करून भरायचं असतं. मला नवरा-मूल नाही. पॅन, पासबुकं, मागची रिटर्न्स एका फायलीत घालून भाचीला दाखवली आहेत, मृत्युपत्रही केलंय. पण वारस म्हणून तिला कोणकोणते कागद लागतील? कुणी आपल्या मावशी-काकांसाठी हे केलं असेल तर नीट क्रमाने लिहा.