मदत हवी आहे: तीर्थनवर ट्राउट वर येतात, पण माशी घेत नाहीत

खडकवाट
हिमाचलमध्ये तीर्थन नदीच्या खोऱ्यात आहे, गुशैणी गावाच्या खालच्या अंगाला. दोन दिवस झाले, मासे डोळ्यांसमोर वर येतात, माशी (गळावर पिसं बांधून केलेला नकली किडा) त्यांच्या डोक्यावरून वाहत जाते आणि एकही तोंड लावत नाही. अॅडम्स, एल्क हेअर कॅडिस, रॉयल वुल्फ, सगळं लावून झालं. दर दहा मिनिटांनी माशी बदलतोय. उद्याचाच दिवस हातात आहे. कोणती माशी लावू तेवढं सांगा. लवकर.

पाणथळ
माशीचं नंतर. रॉड कितीचा, लीडर (जाड लाइनच्या पुढचा बारीक दोरा) किती फूट, पुढे टिपेट (लीडरच्या टोकाला जोडायचा आणखी बारीक दोरा) कुठलं, माशी किती नंबरची, किती वाजता टाकताय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

किनारा७७
परमिट काढलंय ना? मत्स्य विभागाचं लागतं. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटला बंदी असते, हेही लक्षात ठेवा.

खडकवाट
मे चालू आहे, परमिट खिशात आहे. रॉड ९ फुटी, ५ वेट लाइनचा. माशी १२ नंबर. लीडर टॅपर्ड, ९ फूट, ४एक्स. टिपेट वेगळं घेतलं नाही, लीडरलाच बांधतो. दुपारी २ ते ५.

भिंगरी
माशीचा नाद सोडा. स्पिनिंग रॉड मागून घ्या, ५ ग्रॅमचा सोनेरी स्पिनर (पाण्यात गरगरणारं धातूचं आमिष) लावा, खडकामागच्या संथ पाण्यातून आडवा ओढा. ब्राउन ट्राउट त्यावर तुटून पडतो.

पाणथळ
भिंगरी, त्यांनी ते विचारलेलं नाही.
खडकवाट, दुखणं तुमच्याच उत्तरात आहे. टिपेट नाही आणि सतत माशी बदलताय, म्हणजे प्रत्येक गाठीला लीडरचे चार-पाच इंच जातात. दहा माश्यांत साडेतीन-चार फूट गेले, आणि टॅपर्ड लीडरमध्ये बारीक असतं ते नेमकं टोकच. ४एक्स म्हणजे ०.१८ मिमी. आता तुम्ही पाव मिमीच्या पुढच्या जाडीवर बांधत असणार. तो दोरा ताठ असतो, प्रवाहाने ओढला की माशीलाही ओढतो. माशीमागे पाण्यावर बारीक रेघ उठते का बघा. खरा किडा रेघ काढत नाही, आणि माशाला ते लगेच कळतं. लीडर मोजून सांगा.

निम्फवाला
लीडर असेल वाईट, पण वेळ त्याहून वाईट. मे महिन्यात दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी चढतं आणि दुधाळ होतं. सकाळी ६ ते १० टाका. आणि वर येतात म्हणजे नेमकं काय दिसतं? तोंड दिसलं आणि मागे बुडबुडा राहिला, तर मासा वरचं खातोय. नुसती पाठ-शेपूट दिसली, तर तो पृष्ठभागाखालचं, वर येणारं निम्फ (किड्याचं पाण्यातलं पिल्लू) खातोय. मग वरच्या माशीच्या गळाला १५ इंच टिपेट बांधून १६ नंबरचं फेझंट टेल (निम्फसारखी दिसणारी, बुडणारी माशी) सोडा.

पाणथळ
वेळेचं बरोबर. पण आखूड, ताठ लीडरवर दोन माश्या लावल्या तर निम्मी सकाळ गुंता सोडवण्यात जाईल. आधी लीडर.

निम्फवाला
नवं टिपेट जोडल्यावरच म्हणतोय मी.

रवाफ्राय
ट्राउटचे खवले काढावे लागतात का? मनालीहून येताना आणणार आहे.

किनारा७७
नाही, अगदी बारीक असतात. पोट साफ करून पाठीच्या कण्यालगतची काळसर रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडा, नाहीतर कडवट लागतो. आणि फार्मवरचा रेनबो घ्या, नदीतला नको.

खडकवाट
मोजला. ५ फूट २ इंच. टोक १२ नंबरच्या माशीच्या डोळ्यातून जेमतेम जातंय. माशीमागे रेघ उठते, हो. पाठ-शेपूटच दिसते, बुडबुडा नाही. आता टिपेट कुठून आणू?

पाणथळ
होमस्टेवाल्यांकडे किंवा एखाद्या गाइडकडे मागा. नाहीच मिळालं तर साधा नायलॉन चालेल, जाडी रिळावर छापलेली असते. ०.१५ मिमी थेट जोडू नका, जाडीत एवढा फरक असला की गाठ सरकते. आधी दीड फूट ०.२०, मग अडीच फूट ०.१५. सर्जन्स नॉट: दोन्ही दोरे सहा इंच एकावर एक ठेवा, फास करा, लीडरचं लहान टोक आणि नवा दोरा दोन्ही एकत्र तीनदा फासातून काढा, थुंकीने ओलं करा, चारही टोकं एकदम ओढा. कोरडी ओढली तर नायलॉन तापून चुरगळतो आणि पहिल्या माशालाच तुटतो.

निम्फवाला
आणि १२ नंबर बंद, १६ लावा, नंबर मोठा तेवढी माशी लहान. माशी सीडीसीची (बदकाच्या मऊ पिसांची) असेल तर तिला तरंगवायचं जेल फासू नका, पिसं चिकटतात आणि ती बुडते. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा पाण्यातच सोडता येतो.

पाणथळ
प्रवाहात माशाच्या खालच्या अंगाला उभे राहा, त्याच्या वरच्या अंगाला तीन-चार फुटांवर टाका, म्हणजे लाइन त्याच्या डोक्यावर पडणार नाही. माशी खाली येईल तशी सैल झालेली लाइन हाताने गोळा करत राहा, पण माशी हलेल इतकी ओढू नका. तीच जागा पाच-सहा वेळा नीट टाकून झाल्याशिवाय माशी बदलायची नाही.